दुसऱ्या फाइलचा पत्ता

सोमवार, ४ मार्च

लागले बाई एकदाची नोकरीला! त्या आनंदात आज ही वही उघडली. चार वर्षं कपाटात कोरीच्या कोरी पडून होती. नवऱ्याने आणून दिली होती, तुझी बडबड यात ओत आणि माझे कान सोड, असं म्हणून. दुसऱ्याच दिवशी तो गेला. मग वहीला हात लावायचा धीरच झाला नाही.

कचेरी नोंदणीची आहे. जन्म, मृत्यू, लग्न, दत्तक, कोण कुठे राहतं, कोण कुठे कामाला आहे, गावातल्या प्रत्येक माणसाची नोंद एका सर्व्हरवर असते. त्या सर्व्हरची राखण आता माझ्याकडे. खोली छोटी, काचेच्या दाराची, आणि एसीमुळे इतकी गार की पहिल्याच दिवशी शिंका सुरू. साहेब निवृत्तीला टेकलेत, माउसला विंचू असल्यासारखा हात लावतात. शिपाईकाका मात्र बोलघेवडे. चहा येईपर्यंत त्यांनी माझी सगळी कुंडली विचारून घेतली. घरी कोण कोण, म्हणाले. मी आणि माझी लेक, म्हटलं.

लेक म्हणजे भिंगरी. वय सहा. दोन वर्षांपूर्वी अनाथ मुलांच्या संस्थेतून घरी आणली. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. नातेवाईक म्हणतात, कागदावरचं नातं. म्हणू देत. आज पुन्हा एकच बूट घालून शाळेतून आली. दुसरा शेजारच्या मावशींच्या कुंडीत सापडला. तो तिथे कसा पोचला ते तिलाही माहीत नाही.

बुधवार, ६ मार्च

काम कंटाळवाणं आहे, पण मला असलीच कामं आवडतात. जुनी डिस्क गळ्यापर्यंत भरलीय. कहर म्हणजे आधीच्या माणसाने बॅकअपही त्याच डिस्कवर ठेवले होते. घराची जादा किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप लावायचं, त्यातला प्रकार. मी नवी डिस्क बसवली आणि बॅकअप तिच्यावर हलवले; चालू नोंदींचा पत्ता मात्र तोच ठेवला.

इथे दोन फाइली असतात. एकीत नोंदी, म्हणजे माणसं. दुसरी लॉग, तीत काय काय घडलं ते ओळीने. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण कुणाचं झालं. बॅकअप घेतला की दोन्ही त्यात बांधल्या जातात, आणि आपापला मूळ पत्ता बरोबर नेतात. पुढे कधी तो बॅकअप उघडताना दोघींना नवा पत्ता सांगावा लागतो. नाही सांगितला तर फाइल निमूट आपल्या जुन्या जागी जाऊन बसते, आणि तिथे आज जे असेल ते पुसून टाकते. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात वाईट चूक. साहेब हसत म्हणाले, जुन्या माणसांना जुन्या घरी जाऊ द्यायचं नाही, एवढं सांभाळा म्हणजे झालं.

भिंगरीला आजही बाबांचीच गोष्ट हवी होती. फोटोतले बाबा संध्याकाळी बल्ब आणायला गेले आणि कोपऱ्यावर ट्रकने... मी तिथेच थांबते. ती मात्र दर वेळी गोष्ट पुरी करते. म्हणते, मी असते ना, तर बाबांना जाऊच दिलं नसतं. म्हटलं असतं, अंधारात बसू आपण. मग दिवा घालवून आम्ही दोघी थोडा वेळ तशाच बसतो.

सोमवार, ११ मार्च

आज बॅकअपची चाचणी घेतली. नुसता बॅकअप असून उपयोग नाही, तो उघडतो का ते बघायला हवं. गेल्या वर्षीचा एक निवडला, दोन्ही फाइलींना बाजूच्या फोल्डरचा पत्ता दिला आणि उघडला. छान उघडला.

दुपारी शिपाईकाकांच्या हातातून चहाचा ट्रे पडला. बाहेरच्या बाकावर एक माणूस बसला होता, चपला हातात धरून. काकांचा थोरला भाऊ. गेल्या पावसाळ्यात आजारपणात गेलेला. घराची किल्ली मागत होता, बाकी काही नाही. बोलण्यात, बघण्यात काही वावगं नव्हतं, तेच भयंकर वाटलं. काका रडत होते आणि त्याच्या गुडघ्यावरची धूळ झटकत होते.

मंगळवार, १२ मार्च

सकाळी मी चाचणीचं फोल्डर काढून टाकलं. नियमच आहे तसा, काम झालं की काढायचं. त्याच क्षणी बाक रिकामा झाला. काका बाजूलाच बसले होते, हातात हात घेऊन. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्याशी बोलत नाहीत आता.

साहेब म्हणाले, या कचेरीत असं होतं कधी कधी, तुम्ही लक्ष देऊ नका. आणि फाइलीवर सही करायला लागले.

शुक्रवार, १५ मार्च

सोळा नोव्हेंबरचा बॅकअप आहे. चार वर्षांपूर्वीचा. तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळचा.

मी बघणार नव्हते. पण यादीत तो आहे, आणि मला रोज ती यादी उघडावी लागते. बाजूच्या फोल्डरला ठेवला तर? दोन्ही फाइलींना नवा पत्ता दिला आणि कधीच काढला नाही, तर? आजच्या नोंदींना धक्का लागत नाही. तो असेल, भिंगरीही असेल. कुणाचं काय जातं? चार वर्षं मी एकटीने निभावलंय, कुणापुढे हात पसरला नाही. मला तो हवाय. बस्स. लिहून टाकलं.

सोमवार, १८ मार्च

केलं.

पहिल्या फाइलचा नवा पत्ता लिहिला आणि तेवढ्यात फोन वाजला. शाळेतून. भिंगरीचा बूट संडासात पडला होता आणि ती भोकाड पसरून बसली होती. मी तिला समजावलं, हसवलं, संध्याकाळी नवे घेऊ म्हटलं. फोन ठेवला आणि बटण दाबलं. पूर्ण झालं, असा निरोप आला.

घरी आले. चहाला साखर घ्यायला डबा उघडला तर आत किल्ल्या. त्याच्या! किल्ल्या साखरेच्या डब्यात टाकायची ही घाणेरडी सवय जगात एकाच माणसाला होती. मी मागे वळायच्या आत तो बाथरूममधून ओरडला, टॉवेल दे म्हणून.

मी टॉवेल दिला. काय करणार होते दुसरं?

भिंगरी नवे बूट घालून दारात उभीच राहिली. मग त्याला म्हणाली, तुम्ही फोटोतले ना? त्याने मला विचारलं, ही कुणाची? आपली, म्हटलं. सगळं सांगितलं, बल्बचंही सांगितलं. मग त्याने तिला उचललं आणि दोघं खोलीभर गरगर फिरले. आम्ही तिघं जेवलो. इतकं सुख आयुष्यात कधी झालं नव्हतं, आणि सारखं रडू येत होतं.

मंगळवार, १९ मार्च

शाळेच्या हजेरीत भिंगरीचं नाव नाही. बाईंनी तिला वर्गाबाहेर बसवलं. मी भांडले. त्या म्हणाल्या, ही मुलगी आमच्याकडे कधी नव्हतीच. रोज तिचे बूट शोधणाऱ्या बाई!

शेजारच्या मावशींनी तिला विचारलं, तू कुणाकडे आलीस गं?

कचेरीत धावत गेले. सेटिंग उघडलं.

दुसऱ्या फाइलला पत्ता दिलेलाच नाही. फोन आला आणि— लॉग आपल्या जुन्या पत्त्यावर जाऊन बसलाय. आजच्या जागी. चार वर्षांत जे जे घडलं ते एकेक ओळ पुसत चाललाय. दत्तकाची ओळ गेलीय. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

रविवारचा ताजा बॅकअप आहे. तो उघडला तर भिंगरी परत माझी होईल. आणि तो जाईल.

देवा, असं कुणाला निवडायला लावतात का रे?

माझी हिंमत झाली नाही. उद्या, म्हटलं. फक्त एक संध्याकाळ.

बुधवार, २० मार्च

तिला नेली.

संस्थेच्या बाई आल्या. शांत होत्या, चांगल्या होत्या. म्हणाल्या, मुलगी आमच्या नोंदीत आहे, तुमच्या असेल तर दाखवा. मी सगळं कपाट उपसलं. दत्तकाच्या कागदाच्या जागी कोरा कागद. भिंगरी जिन्याच्या कठड्याला धरून बसली. बोटं एकेक करून सोडवली त्यांनी. रस्ताभर ओरडत होती, माझं नाव, आमचा पत्ता, सगळं. तिला सगळं पाठ आहे, बाकी सगळे विसरले तरी. तिची नोंद एवढीशी, तीत पुसण्यासारखं होतंच काय?

जिन्यात एक बूट राहिला. तो मी उचलून घरात आणला.

तो म्हणाला, जा. आत्ता जा, माझा विचार करू नकोस, मी एकदा गेलेलोच आहे. त्याने माझ्या पायात चपला घातल्या. आणि मी त्याला म्हटलं, उद्याच जाते रे, अंधार झालाय. मी असं म्हटलं. मी! तिची आई!

गुरुवार, २१ मार्च

कचेरीच्या दारात शिपाईकाकांनी अडवलं. ओळख दिली नाही. आधी वाटलं, अजून राग आहे. राग नव्हता. ते खरंच मला ओळखत नव्हते. हजेरीपटावर माझं नाव नाही. साहेब बाहेर येऊन म्हणाले, बाई, इथे कुणाची नवी नेमणूक झालेली नाही, त्या खोलीला कुलूप आहे.

मी सांगितलं, आत रविवारचा बॅकअप आहे, फक्त तो उघडा, दोन्ही फाइली जुन्याच पत्त्यावर, पत्ता बदलू नका— त्यांनी पाणी दिलं. बाकावर बसवलं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला काकांचा भाऊ बसला होता. चपला हातात.

शुक्रवार

तोही विसरला. सकाळी विचारत होता, टेबलाखाली हा कुणाचा बूट?

मी सांगितलं, भिंगरीचा. छान नाव आहे, म्हणाला. कोण ती?

तळहातावर लिहून ठेवलंय. भिंगरी. सहा वर्षं. संस्था. तिला आणायची आहे. हात धुवायचा नाही. अजिबात धुवायचा नाही—

मी जेवले की नाही? भिंतीवरचा त्याचा हार घातलेला फोटो गेला. नुसता खिळा आहे.

कोणता वार ते

हातावर काहीतरी निळं फिसकटलंय. भांडी घासताना बहुतेक. भि— पुढचं लागत नाही.

सारखं रडू येतंय आणि कशाचं ते कळत नाही. तो म्हणतो, दमलीस तू. जवळ घेतलं त्याने. बरं वाटलं.

बूट एवढासा आहे. माझ्या ओंजळीत मावतो. फेकवत नाही.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

नव्या वहीचं पहिलं पान! नवऱ्याने कालच आणून दिली. म्हणतो, तुझी बडबड यात ओत आणि माझे कान सोड. बघा, असला नवरा मिळायला भाग्य लागतं. किल्ल्या आजही साखरेच्या डब्यात टाकल्या त्याने. चहातून किल्लीचा वास येतो म्हटलं तर म्हणतो, पौष्टिक असतं.

दिवस मजेत गेला. दोघंच आहोत घरात, ना मूल ना बाळ, त्याचं कधी कधी वाईट वाटतं. आज जरा जास्तच वाटतंय, का कोण जाणे.

आत्ताच एक गंमत झाली. म्हणजे गंमत नाही. दारात एक पोर आली होती. पाच-सहा वर्षांची, धापा टाकत, कुठून तरी पळत आलेली. एका पायात बूट, दुसरा पाय अनवाणी आणि रक्ताळलेला. तिने मला आई म्हटलं. मी म्हटलं, बाळा, घर चुकलीस तू, कुणाची गं? तर माझ्या कमरेला मिठीच मारली. मला कसंसंच झालं. मावशींना हाक मारली, त्यांनाही ओळख पटेना. शेवटी हात सोडवून तिला बाहेर बसवलं आणि दार लावलं. वाईट वाटलं, पण कुणाचं पोर घरात घ्यायचं तरी कसं?

अजून दार वाजवतेय. रडत एकच सांगतेय. बाबांना जाऊ देऊ नकोस. अंधारात बसू आपण. अंधारात बसू आपण.

आता या परक्या पोरीला कसं कळलं, की आमच्या स्वयंपाकघरातला दिवा आत्ताच गेला आणि हा मागच्या जिन्याने—

अगं बाई, किल्ल्या डब्यात नाहीत, म्हणजे हा बल्ब आणायला खाली उतरून कोपऱ्यावर—