कंदील माझ्याकडे होता

बाबा, परवा ती आली होती. ढिवर मोहल्ल्यातली, बाजारात मासळी विकणाऱ्या बाईची मुलगी. तुम्ही जिला दरवेळी यानात बसवायचात, ती. आम्ही दोघी एका वयाच्या, एका वर्गातल्या, आणि आता दारात उभी राहिली तर माझ्याहून बरीच लहान दिसते. केस काळे, पाठ ताठ, चालणं झपझप. माझे गुडघे कामातून गेलेत, केस पिकलेत, शाळेतली नवी पोरं मला मॅडम म्हणता म्हणता आजी म्हणून जातात. तुमचं गणित बरोबर निघालं. दूर गेलेली तरुण राहिली आणि घरी राहिलेली म्हातारी झाली. तिला पाहून माझा जळफळाट झाला, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

तुम्ही पोंभुर्ण्याच्या लाकूड डेपोवर कारकून. सरकारी कामानं चंद्रपूरला गेलात की एखादं पुस्तक घेऊन यायचात, आणि बहुतेक वेळा ते एकाच माणसाचं असायचं. तो मोठा भौतिकशास्त्रज्ञ होता, पण तुमच्यामाझ्यासारख्या साध्या माणसांसाठी लिहायचा. तुम्ही त्याला 'साहेब' म्हणायचात. साहेब म्हणतात प्रकाश असा, साहेब म्हणतात काळ तसा. माय चुलीपुढून विचारायची, "तुमचा सायेब येते का जेवाले? त्याचंबी ताट वाढू का?" तुम्ही हसायचात आणि लाखोळीच्या डाळीत कालवलेला घास हातात तसाच धरून वाचत राहायचात. त्या न पाहिलेल्या माणसाचा मला पहिल्यापासून हेवा. आज शाळेत काय झालं, हे तुम्ही रोज विचारायचात, पण माझं सांगून होईपर्यंत तुम्ही पान उलटलेलं असायचं.

पावसाळ्यातल्या वर्षावासात विहारात ग्रंथ वाचायचे ते तुम्हीच. वर्षावास संपला तरी वस्तीला संध्याकाळी ऐकायची सवय लागलेली असायची, मग धान कापून झालं की आपल्या अंगणात साहेबांचं पुस्तक निघायचं. पद्धत विहारातलीच. एक ओळ वाचायची, मग आपल्या बोलीत सांगायची. ढिवर मोहल्ल्यातले लोकही येत, ते तुम्हाला भाऊ म्हणत. ती अगदी पुढं बसलेली असायची. तिचा बाप डोंग्यातून नदीत गेला तो परत आला नव्हता, तेव्हापासून ती सगळ्या गावाची लाडकी. वीज असून नसल्यासारखी, म्हणून कंदील मी धरायचा, तुमच्या खांद्याशी, पुस्तकाच्या जवळ. साहेबांच्या पुस्तकात लिफ्ट होती. आपल्याकडे लिफ्ट कोणी पाहिली होती? तुम्ही लिफ्ट काढून आंब्याला झोका बांधता. झोक्यावर ती, तिच्या मांडीवर मोहफुलांची टोपली. "आता दोर तुटला. पोरगी पडून राह्यली. पडता पडता टोपलीचं वजन लागन का तिले?" आणि ती स्वतःच ओरडते, "नाई लागन, भाऊ!" एसटीचा हॉर्न जवळ येताना वेगळा आणि दूर जाताना वेगळा का, तर एसटीत ती, स्टँडवर मी. आरसा घेऊन उजेडाच्या मागं धावणारी ती, उजेड दाखवणारी मी.

मग ती ताऱ्याची गोष्ट. "हे पोरगी यानात बसून ताऱ्यावर गेली. आपली बाई इथीच, पाण्याचा गुंड घेऊन. पोरगी फिरून वापस आली तं अजून फ्राकवरच हाये, अन् आपली बाई काठी टेकून राह्यली!" बाई म्हणजे मी. सगळं अंगण हसलं. माझ्या हातातला कंदील हलला. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "सीधा धर."

दुसऱ्या दिवशी डेपोवर तुमचा डबा घेऊन आले तेव्हा विचारलंच. तुम्ही सागाच्या ओंडक्यावर बसला होता. "मले काऊन नाई बसवत कधी?" तुम्ही डब्याचं झाकण काढलं, आत पाहिलं, पुन्हा लावलं. "कोणी तं इथी पाह्यजे ना. नाई तं पोरगी वापस आली हे समजन कोनाले?" आणि मग जरा कडक आवाजात, "एवढं जळू नये मानसानं." उत्तर बरोबर होतं, साहेबांच्या पुस्तकातही तसंच असणार. मला बरोबर उत्तर नको होतं.

ती नागपूरला शिकायला निघाली तेव्हा ते ताऱ्याचं पुस्तक तुम्ही तिला देऊन टाकलंत, मला न विचारता. मला शाईचं पेन आणलंत. पेन चांगलं होतं, म्हणून जास्त राग आला. त्याच पावसाळ्यात हिवताप तुमच्या मेंदूत चढला आणि तुम्ही गेलात. मिशी तेव्हा पूर्ण काळी होती तुमची. मी डी.एड. केलं आणि इथल्याच शाळेत लागले. स्टँडवर उभी, म्हणा ना.

तर परवा ती आली, स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि सुकट मागून घेऊन जेवली. मोठ्या शहरातल्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. आता तिनंही पुस्तक लिहिलंय, साध्या माणसांसाठी. मी एका हातानं वाढत दुसऱ्या हातानं पानं उलटली. आंब्याचा झोका निघाला. मांडीवर मोहाची टोपली. पहिल्या पानावर पाहिलं तर तुमचं नाव. बाप माझा, आणि नाव तिच्या पुस्तकात! मी हातातली पळी खाली ठेवली, बाबा.

"हे तं माह्या बाबाचं व्हय," मी म्हटलं.

"त्यायचंच व्हय. म्हणून तं पयल्या पानावर हायेत."

"तुले बरं झालं. सारं आभाळ फिरून आली. मी कंदीलच धरून राह्यली."

ती जेवता जेवता थांबली. "तू पुस्तकाजवळ होतीस. त्यातले चित्रं तुले दिसत, मले एक नाई दिसलं. अन् एक सांग, भाऊनं तुले कधी दोर तुटनाऱ्या झोक्यावर बसवलं का? मले दूर धाडाले सारेच तयार होते. माहा बाप असता तं त्यानंबी मले जवळ कंदील धराले बसवलं असतं, असं वाटे. लय जळत होती मी तुह्यावर."

मी तिच्या पानात आणखी डाळ वाढली. तिचं म्हणणं मला त्या वेळी पटलं नाही आणि अजूनही पुरतं पटलेलं नाही. विमानानं परत जाणारीला असं बोलायला काय जातं? पण ती गेल्यावर भांडी घासताना मला झाकण काढून पुन्हा लावलेला तो डबा आठवत राहिला. त्या दिवशी तुम्ही जेवलातच नाही.

हे कागद तिच्या पुस्तकात ठेवून देते, तुमचं नाव आहे त्या पानाशी. दुसरं कुठं पाठवणार? फक्त एक सांगते. काल वर्गात मी ती ताऱ्याची गोष्ट सांगितली आणि पहिल्यांदाच यानात मी स्वतः बसले. घरी तुम्हाला ठेवलं, हातात कंदील देऊन. फिरून परत आले तर तुम्ही ओट्यावर बसला होता, मिशी पांढरीशुभ्र, बाजूला काठी, आणि मला विचारत होता, "डबा आनला का वं?" मुलं हसली. मला पुढचं सांगता येईना, म्हणून घंटा व्हायच्या आधीच वर्ग सोडून दिला.