डिस्कला बांधलेली दोरी

१४ मार्च, दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण त्याहून जास्त ती स्वतः कुरकुरते, म्हणजे काळजीचं कारण नाही. छपाईचं दुकान चालू आहे. मोठा प्रिंटर अजूनही मधूनच कागद खातो आणि तू मारायचास तशी चापट मारली की सोडतो.

अडीच वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि प्रिंटरचं सांगत बसले आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय तुला नवी नाही.

दुकानात आता नियम आहेत. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह मोठ्या कॉम्प्युटरला लावायचा नाही. दाराजवळ जुना कॉम्प्युटर ठेवलाय, त्यावर आपली एकही फाइल नाही. तिथे तपासणी झाल्याशिवाय पुढे काही सरकत नाही. अपडेट मागितलं की मी ‘नंतर’वर बोट ठेवत नाही, तिथल्या तिथे करून टाकते. आणि न मागितलेली फाइल मेलवर आली, तर पाठवणारा ओळखीचा असला तरी आधी फोन. परवा भूमितीच्या सरांना विचारलं, “सर, ‘प्रश्नपत्रिका’ ही फाइल तुम्हीच पाठवलीत ना?” ते म्हणाले, “मीच हो! उद्या मी स्वतः आलो तरी ओळखपत्र मागाल.” म्हटलं, मागेन.

यातलं एकही अक्षर माझं नाही. सगळं तूच सांगायचास आणि मी तुला भित्री भागूबाई म्हणायचे.

तू घर सोडलंस त्या आठवड्यात कामाची झुंबड होती. अँटिव्हायरसमुळे मशीन रेंगाळतंय म्हणून मी तो बंद केला आणि ‘तातडीचा मजकूर’ नावाची फाइल उघडली. दुपारपर्यंत सगळ्या फाइलींना कुलूप आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. एवढं मी तेव्हाच कबूल केलं होतं. चूक झाली, पण भागलं असतं, कारण सगळ्याची नक्कल तुझ्या डिस्कवर होती. बाबांनी रंगवलेल्या पाट्यांवरची अक्षरं तू तीन वर्षं एकेक करून कॉम्प्युटरवर आणली होतीस, तीसुद्धा. तुझा शिरस्ता ठरलेला: शनिवारी डिस्क जोडायची, नक्कल करायची, काढून खणात टाकायची.

आणि त्या दिवशी डिस्क कॉम्प्युटरला जोडलेली सापडली. तिलाही कुलूप.

मी आईसमोर काय बोलले ते तू विसरला नसशील. “जगाला शहाणपण शिकवतोस आणि स्वतः डिस्क लावून ठेवतोस? बाबांची अक्षरं घालवलीस तू!” तू डिस्ककडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, पिशवी उचललीस आणि गेलास.

आता बातमी. दुरुस्तीवाल्या बाईंनी तेव्हा बजावलं होतं, “कुलूपबंद डिस्क टाकू नका. या टोळ्या कधीतरी पकडल्या जातात, मग किल्ल्या बाहेर येतात.” मी डिस्क कपाटात ठेवली. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, “या, तुमची किल्ली मिळाली.” फाइली उघडायला दोन दिवस लागले. बाबांचा ‘अ’ पडद्यावर आला, तो पोट सुटलेला, आणि मी तिथेच रडले. बाई बिचाऱ्या स्क्रू मोजत बसल्या.

डिस्क नुसती पाठवून दिली असती तर तू खूश झाला असतास आणि मीही सुटले असते. दोन आठवडे तोच विचार करत होते.

पण ऐक. त्या सोमवारी सकाळी स्टेपलरच्या पिना शोधताना खणात मला डिस्क दिसली. ती काढून का ठेवायची, हे तू सांगायचास तेव्हा मी कधी कान दिला नव्हता; वाटलं, हा जोडायला विसरला. इतकी मोलाची वस्तू खणात लोळते, कोणी उचलून नेली तर? म्हणून मीच ती जोडली आणि कोणी नेऊ नये म्हणून टेबलाच्या पायाला दोरीनं बांधून टाकली. चोर बाहेरून येणार असं मला वाटत होतं. तो आत शिरला तेव्हा मी सगळं त्याच्या हाताशी बांधून ठेवलेलं होतं.

तुझ्यावर ओरडत होते तेव्हाही मला हे माहीत होतं. पहिलं वाक्य तोंडातून गेलं आणि मग मागे घेता आलं नाही. एवढीच खरी गोष्ट आहे, आणि ती फार वाईट आहे.

तुलाही माहीत होतं. छापलेल्या गठ्ठ्यांना मी मारते ती एका फासाची गाठ त्या दोरीला होती. तू ती बघितलीस. एक शब्द बोलला असतास तर आईसमोर मीच खोटी पडले असते. तू बोलला नाहीस.

काल आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, “मला काय सांगतेस? ज्याला बोललीस त्याला लिही.” आणि शेंगांची परात उचलून आत गेली.

सगळी अक्षरं परत आली, फक्त ‘ळ’ची फाइल उघडली नाही. बाई म्हणतात, ती मुळातच खराब झाली आहे. तसा ‘ळ’ बाबांनी एकाच ठिकाणी रंगवलेला मला माहीत आहे, आपल्या दुकानाच्या पाटीवर. रंग उडायला लागलाय. माझा फोटो काही सरळ येत नाही.

डिस्क सोबत पाठवते आहे. तिची एक नक्कल माझ्या कपाटात आहे, कशालाही न जोडलेली. पार्सल मीच बांधलं आहे. गाठ बघून कळेल. या वेळी मात्र गप्प बसू नकोस, मला काय बोलायचं ते बोल.

तुझ्यावर खोटा आळ घेणारी,
तुझी ताई