रशीदचा सलाम

बार्शीटाकळी, १४ जानेवारी २०१८, रविवार, संध्याकाळ

रशीदले माती देऊन आलो. लहानपणापासूनचा दोस्त माझा. काल अकोल्याच्या दवाखान्यात गेला. छाती दुखली म्हणे, एवढंच.

परवा शुक्रवारी नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर त्यानं मले सलाम केला होता. मी उत्तर न देता चपला शोधत राहिलो. चपला तर समोरच होत्या! सलामाचं उत्तर द्यावंच लागते, हे घरच्या पोरायले मीच शिकवतो. तीन दिवसांच्या वर अबोला धरू नये, हेही मीच. आमचा दोन महिने चालला.

कशापायी? त्यानं सांगितलेलं कपाशीचं बियाणं मी पेरलं अन् बोंडअळीनं वावर खाल्लं. पण त्याचं वावर तरी कुठं वाचलं? तरी बोलायले तोच येत राहिला.

जनाज्यापाशी त्याचा भाऊ म्हणाला, "रशीदनं कोणाचं मन दुखवलं असंल तर माफ करा." "माफ केलं," मी म्हणालो. सगळ्यांच्या आधी. लाज कशी नाही वाटली मले?

सगळे निघून गेल्यावर कबरीपाशी सलाम केला. चांगला मोठ्यानं केला. मग चपला हातात घेऊन तसाच उभा राहिलो, उत्तराची वाट पाहत.