तीन वर्षं वाजणारा एसी

३ मार्च, सोमवार
कानातलं यंत्र बसवून पहिला दिवस. स्वतःच्याच चपलांच्या आवाजाला दचकलो! दुपारी हॉलमधला एसी लावला — टक-टक-टक, मग घर्रर्र.
"अगं, हे कधीपासून?"
"झाली की तीन वर्षं," ही म्हणाली.
"मग सांगितलं का नाहीस?"
"तुम्हाला सांगून काय उपयोग होता?"
खरंय. पण लागलं.

४ मार्च
जाळी काढून धुतली. केवढी धूळ! आवाज तसाच.

५ मार्च
एसीचा नुसता पंखा चालवला — गप्प. गार केलं — टक-टक. गरम केलं — टक-टक. म्हणजे रोग आत नाही, एसीच्या गॅलरीतल्या डब्यात! एकतीस वर्षं छापखान्यात काढली. कान तिथेच गेले, पण यंत्राची नाडी बघायची कशी, ते अजून विसरलो नाही.
"उन्हात बसू नका," ही म्हणाली. दिवसभरात बोलणं एवढंच. जेवायला चला, गोळी घ्या, दार लावा. ओरडून ओरडून थकली बिचारी, कामापुरतंच उरलं. वाटलं होतं, यंत्र आलं की गप्पा सुरू होतील. कुठलं काय!

७ मार्च
एसीवाला आला. पन्नाशीचा, घाईतला. "काँप्रेसर गेलाय साहेब. नवीनच घ्या."
"थांबा जरा." डबा हातानं दाबून धरला — आवाज बंद. सोडला — सुरू! "माझ्या हातानं काँप्रेसर बरा होतो होय?"
ओशाळून हसला. मग दोघांनी वाकून पाहिलं. डब्याच्या एका पायाखालचं रबर झिजून पार भुगा झालेलं. डबा डुगडुगतोय आणि तांब्याची नळी भिंतीवर आपटतेय. नवं रबर घातलं, नळी पट्टीनं आवळली.
शांत!
ही दारातून बघत होती. "जमलं की हो!" म्हणाली. न ओरडता.

८ मार्च
संध्याकाळी एसी लावून पेपर वाचत बसलो. स्वयंपाकघरातून हिचा आवाज. फोनवर असेल म्हटलं, तर फोन इथेच टेबलावर. कान दिला —
"...आणि मग वरची काय म्हणाली माहितेय, अहो..."
अहो! म्हणजे मलाच सांगत होती. रोजच सांगत असणार — ऐकू जात नाही हे माहीत असून.
बसल्या जागेवरून म्हणालो, "मग? काय म्हणाली?"
नळ बंद झाला. हात पुसत बाहेर आली. मग शेजारी बसली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.