उजव्या भिंतीवरचा पंप

प्रिय चिंगे,

अक्षर बघून नाक मुरडू नकोस. पेन खराब आहे असं समज आणि वाच. मघाशी फोनवर तू अक्कलदाढेचं सांगत होतीस आणि मी “पेशंट आलाय गं” म्हणून फोन ठेवला, ते खोटं होतं. दवाखान्यात चिटपाखरू नाही. मावशींना सकाळीच घरी पाठवलं आणि कॉम्प्रेसर बिघडल्याची पाटी दाराला लावली. कॉम्प्रेसर ठणठणीत आहे. जे बिघडलंय ते फोनवर सांगायला गेले तर मला रडू फुटेल. शिवाय तुझे बाबा शेजारच्या खोलीत पेपर वाचतायत, आणि त्यांचे कान कसे आहेत ते तुला माहीत आहे. जेवायला हाक मारली तर ऐकू येत नाही, कुजबुजलं की सगळं ऐकू येतं.

सुरुवात तुझ्या टाकीपासून झाली. तुझीच म्हणायची, कारण हट्ट तुझा होता. तू गेलीस नांदायला, आणि खाऱ्या पाण्याची ही एवढी पेटी पडली माझ्या गळ्यात. आता मी ती दवाखान्याबाहेरच्या बाकांसमोर ठेवलीय. ड्रिलचा आवाज ऐकून ज्यांचे पाय लटपटतात ते माशांकडे बघत बसतात, जरा बरं वाटतं त्यांना. तुझी ती नारिंगी जोडी मजेत होती. बाईसाहेब अंगाने दुप्पट, दिवसभर दादागिरी, आणि साहेब आपले त्यांच्या मागे मागे. बाबा म्हणतात, यांना आपल्या घराचं वळण लागलंय.

जाताना तू मला दोन गोष्टी बजावल्या होत्यास. पाणी फिरवणारे दोन्ही पंप रोज बघायचे, कारण पाणी थांबलं की मासे गुदमरतात. आणि पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढायचे. पहिली मी इमानेइतबारे पाळली. दुसरी नाही पाळली, ओरड आता. अगं, प्लग काढल्यावर पंप चालतोय की नाही ते कळणार कसं? मी रोज सकाळी बाह्या वर करून उभी राहते, डावा हात टाकीच्या डाव्या भिंतीवरच्या पंपावर, उजवा उजवीकडच्या. बोट टेकवलं की आतली घरघर कळते. ड्रिल दातात किती खोल गेलं ते माझ्या डोळ्यांआधी बोटांना कळतं, तिथे पंप काय चीज आहे! तीस वर्षं याच बोटांवर घर चाललं, तेव्हा थोडा ताठा मला शोभतो.

तर मागच्या आठवड्यात एका सकाळी उजवा पंप मुका. घरघर नाही, काही नाही. मी म्हटलं, गोगलगाय अडकली असेल, मागे एकदा अडकली होती तशी. पंप काढला, खोलला. आत काही नव्हतं. चुंबकाचं चाक बोटाने ढकललं तर गरगर फिरलं. पण अंगावर पांढरं किटण चढलं होतं, अगदी आपल्या दातांवर चढतं तसंच. व्हिनेगरमध्ये भिजवला आणि राहिलेलं दात खरवडायच्या माझ्या जुन्या अणकुचीदार स्केलरने खरवडून काढलं. तू नेहमी हसायचीस ना, आई पंपाचे दात घासते म्हणून? तसाच चकचकीत करून परत लावला. बोट टेकवलं, तरी मुकाच. पाणी मात्र हलत होतं. मी म्हटलं, डावा पंप दोघांचं काम ओढतोय.

त्यानंतर मासे बिथरले. बाईसाहेब खडकामागे जाऊन बसल्या, दाणे टाकले तरी बाहेर येईनात. प्रवाळ सगळं मिटून गेलं. मी मीठ मोजलं, हीटर तपासला, पाणी बदललं. तासन्‌तास कोपरापर्यंत उजवा हात पाण्यात. मला काहीच जाणवलं नाही, चिंगे. काहीच नाही.

मग काल दुपारी बाबांना वाटलं, बिचाऱ्या बाईसाहेब पंपाच्या जाळीत अडकल्या असतील, आपण सोडवाव्यात. मी शेजारीच उभी होते, माझा उजवा हात पाण्यातच होता. त्यांनी बोटं बुडवली मात्र, केवढ्याने तरी ओरडले आणि मागे फेकले गेले. कोपर कपाटावर आपटलं. मी बोर्डावरचं बटण बंद केलं, त्यांना बाकावर बसवलं, नाडी बघितली. ठीक आहेत, काळजी करू नकोस, कोपर टम्म सुजलंय एवढंच. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, “बाईसाहेबांनी हाकललं मला. पण तुला कसं काही झालं नाही गं?” मी म्हटलं, माझ्या पायात रबरी चपला आहेत, तुम्ही आलात अनवाणी. त्यांना पटलं. मलाही पटलं, मोठी शास्त्रज्ञच ना मी. मग भांडंभर सांडलेलं पाणी पुसायला खाली वाकले, तर माझ्या डाव्या पायात चप्पल होती आणि उजवा पाय उघडा. ओल्या फरशीवर. उजवी चप्पल लांब दवाखान्याच्या उंबऱ्याशी पडली होती. केव्हा निसटली, मला पत्ता नाही.

बाबा आत जाऊन आडवे झाले आणि मी उजवा पंप काढून खिडकीपाशी नेऊन बघितला. जिथे वायर आत शिरते तिथलं सीलबंद प्लास्टिक चिरलं होतं. चीर सरळ होती, खोल, एका ओढीत गेलेली. असली चीर मला ओळखू येणार नाही तर कुणाला? माझ्या स्केलरची होती ती. किती जोर लागला ते माझ्या बोटांनी मला सांगितलंच नव्हतं. तुझ्या बाबांना बसलेला झटका मी माझ्या हाताने तयार केला होता. आणि परवा त्या शिवणाच्या बाईंच्या हिरडीतून जरा जास्तच रक्त आलं, तेव्हा मी त्यांनाच म्हटलं, नीट घासत जा. मावशी तर केव्हाच्या म्हणतायत, ताई, तुमच्या हातातून हल्ली वस्तू पडतात. मी त्यांच्यावरच डाफरले.

तरी शहाणपण सुटेना. कपाटात ठेवलेला राखीव नवा पंप काढून उजव्या भिंतीवर लावला. मुका. मग तुझीच पद्धत, बिघाड सापडेना की अदलाबदल करायची. प्लग काढून नवा पंप डावीकडे लावला, डावीकडचा उजवीकडे. आता डावीकडे नव्याची छान घरघर, आणि इतकी वर्षं बिनतक्रार चाललेला जुना उजवीकडे येताच गार. प्लग बदलले. तेच. पंप कुठलाही लावा, बिघाड आपला उजवीकडेच. शेवटी वैतागून तो काढायला गेले आणि वाटेत खडक होता म्हणून डावा हात घातला. चालू होता गं. मस्त घरघरत होता. मी उजवा हात टेकवला, काही नाही. डावा टेकवला, चालू. किती वेळ हात बदलत उभी होते कोण जाणे. म्हणजे पहिल्या दिवशीही पंपाला काही झालं नव्हतं.

मला भीती वाटतेय, चिंगे. तुझ्या आईला भीती वाटते हे तू कधी ऐकलं नसशील, म्हणून पुन्हा लिहिते, खूप भीती वाटतेय. नुसतं मनगट असतं तर मी म्हटलं असतं की शीर दबलीय, आमच्या धंद्यात होतं कधी कधी. पण ती चप्पल डोळ्यांसमोरून जात नाही. सकाळपासून बसल्या बसल्या मी दाभणाचं टोक उजव्या बोटाला, उजव्या पायाला लावून बघतेय, टोचलेलं कळतच नाही. आयुष्यभर इंजेक्शनं देऊन लोकांचे ओठ बधिर केले आणि वर सांगितलं, घाबरू नका, थोड्या वेळात उतरेल. हे उतरत नाहीये. बाईसाहेब मात्र आज बाहेर आल्या, दोन दाणे खाल्ले, साहेबांना एक ढुशी दिली. तेवढंच एक बरं घडलं.

तू मघाशी म्हणालीस, रविवारी येते, दाढ काढायची तर तुझ्याच हातून, दुसऱ्या कुणाला तोंडात बोट घालू देणार नाही. ते ऐकलं आणि मी फोन ठेवला. तुझी दाढ मी काढणार नाही, राणी. कुणाचीच काढणार नाही. चौकातल्या नव्या डॉक्टरला सांगून ठेवलंय, हात हलका आहे त्याचा, मी बघितलंय. पण तू ये. सोमवारी सकाळी मी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय आणि मला एकटीने जायचं नाहीये. बाबांना आपण दोघी मिळून सांगू, तोवर मी चपलांचीच गोष्ट चालू ठेवते. तिथे बाकावर माझ्या उजव्या बाजूला बस, डावीकडे बाबा बसतील. आणि माझा हात धरलास की तोंडाने सांग, धरलाय म्हणून.

तुझीच,
आई