न गळणारं रॉकेट

३ फेब्रुवारी, मंगळवार
मुलीच्या शाळेत चौदा तारखेला विज्ञान मेळावा. तिचा गट पाण्याचं रॉकेट उडवणार. गट म्हणजे ती आणि खालच्या मजल्यावरचे जुळे भाऊ. मदतीला एक मोठं माणूस चालतं. जेवताना म्हणाली, मामाला विचारू का? माझा घास हातातच राहिला. गेल्या वर्षीचा ज्वालामुखी मामाचा, त्याआधीचा पेरिस्कोपही मामाचा. मी काय फक्त प्रगतिपुस्तकावर सही करायला आहे? पाइप फिटिंगचं दुकान आहे माझं. पाणी आणि प्रेशर यांवरच हे घर चालतं. जाहीर केलं, यंदा रॉकेट बाबा करणार. बायको म्हणाली, आधी बाथरूमचा नळ करा. नळाचा इथे काही संबंध नव्हता.

४ फेब्रुवारी
पहाटे पाचला उठून डिझाइन करायचं ठरवलं होतं. सव्वाआठला जाग आली. डिझाइन डोक्यात तयार आहे.

५ फेब्रुवारी, रात्री
मुलांनी शाळेतल्या बाईंची पद्धत समजावली. बाटलीत एक तृतीयांश पाणी. तोंडाला रबरी बूच, बुचातून सायकलचा व्हॉल्व्ह. बाटली उलटी उभी करून पंपाने हवा भरायची. प्रेशर वाढलं की बूच सुटतं, पाणी खाली, बाटली वर. शांतपणे ऐकून घेतलं. बूच सुटतं म्हणे! माझ्या दुकानातलं बूच सुटलं तर गिऱ्हाईक ते परत आणून माझ्या टाळक्यात घालेल. जुळ्यांतला एक म्हणाला, काका, ते सुटायलाच हवं. याला दुकानात कधी नोकरी देणार नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार
जॉइंट केला. बुचाला टेफ्लॉन टेप, वरून एपॉक्सी गोंद, त्यावर स्टीलची क्लिप. असा जॉइंट मी स्वतःच्या घरातसुद्धा केलेला नाही. (बायको म्हणाली, ते दिसतंच आहे.) मुलीने तीनदा विचारलं, बाबा, मग ते सुटणार कसं? म्हटलं, जे प्रेशर माझा जॉइंट तोडेल, ते रॉकेटला थेट ढगात नेईल. ती उठून खाली जुळ्यांकडे गेली. पटलं असणार.

८ फेब्रुवारी, रविवार
गच्चीवर चाचणी. मेव्हणा आगंतुकासारखा हजर. मुलीने बोलावलं होतं म्हणे, नुसतं बघायला. मी पंप मारला. आणखी मारला. बाटली टम्म फुगली. मेव्हण्याने मुलांना टाकीमागे नेलं आणि मला म्हणाला, दाजी, आता पुरे. पुरे म्हणणारी माणसं ज्वालामुखीच करत बसतात. आणखी दोनदा मारला. पंपाची नळी सुटली आणि दांडा उसळून माझ्या हनुवटीवर आला.
बाटली जागेवरच. पण एक थेंब गळला नाही! हे कोणीच बोललं नाही. शेवटी मीच बोललो. जुळे हसले. मुलगी हसली नाही. रॉकेट उचलून म्हणाली, बाबा, हे आता उघडणार कसं?

९ फेब्रुवारी
हनुवटी सुजली आहे. गिऱ्हाइकांना जिन्यावरून पडलो असं सांगितलं. निश्चय : मागे हटणार नाही. फक्त जास्त दमाचा पंप हवा.

१० फेब्रुवारी
पंप घेऊन घरी आलो तर हॉलमध्ये नवी बाटली. बूच नुसतं दाबून बसवलेलं, त्यातून बुडबुडे येत होते. दुकानात आली असती तर परत पाठवली असती. मुलीला विचारलं, माझ्या रॉकेटचं काय? म्हणाली, ते घरी ठेवू, बाबा. कुणी केलं विचारलं. म्हणाली, आम्हीच. मामाने? नाही, आम्हीच, मामा फक्त व्हिडिओ काढणार आहे. थोडं बरं वाटलं. मग विचारलं, आणि मी? तिने जुळ्यांकडे पाहिलं. म्हणाली, तुम्ही दहापासून उलट मोजा.

११ फेब्रुवारी
विचाराअंती स्वीकारलं. मोजणी ही उड्डाणातली सर्वांत जबाबदारीची जागा आहे. जो मोजतो त्याच्या हुकमाशिवाय काही हलत नाही. मेव्हण्याला फोन करून हे समजावलं. हो दाजी, म्हणाला. फार लवकर म्हणाला.

१३ फेब्रुवारी
सेकंदकाट्याचं घड्याळ काढलं. आरशासमोर सराव. बायको म्हणाली, नळ टपकतो त्याच्यावर मोजा, बरोबर सेकंदाला एक आहे. दुर्लक्ष केलं. (पण बरोबर आहे.)

१४ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळ
शाळेचं मैदान भरलेलं. मुलीने हवा भरली. तिने मान हलवली, मी घड्याळावर नजर रोखून सुरुवात केली. आवाज खणखणीत होता. दहा, नऊ, आठ. पाचला काहीतरी फस्सकन् झालं, पाठीवर पाणी आलं. शिस्त मोडायची नाही म्हणून मान वर केली नाही. चार, तीन, दोन, एक. उडवा, म्हणालो. टाळ्या ऐकू येत होत्या, पण बऱ्याच आधीपासून. वर पाहिलं तर आकाश रिकामं. बाटली शाळेच्या कौलांवर पडली होती.
रात्री मेव्हण्याने व्हिडिओ दाखवला. रॉकेट क्षणभर दिसतं. बाकी सगळा मीच, भिजलेला, घड्याळात बघून चार म्हणताना. पुसून टाक म्हणालो. मुलगी फोन ओढून म्हणाली, नाही हं मामा, बाबा मस्त आलेत, हा मी ठेवणार.
ठेवू दे. माझी मोजणी बरोबरच होती. रॉकेट आधी गेलं.