एकच खूण

मिलिंददादा, सप्रेम जयभीम.

तू मस्कतहून रोज विचारतोस, बाबांचं ऑपरेशन कधी. ते होणार नाही.

स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी त्यांना चाचणीतलं एक औषध टोचलं होतं. ते गाठीला चिकटून स्कॅनमध्ये दिसतं, आणि ऑपरेशनच्या वेळी चमकून कुठवर कापायचं तेही दाखवतं. नारपोलीच्या कापड कारखान्यात तीस वर्षं खालून उजेड असलेल्या टेबलावर कापड तपासणाऱ्या बाबांना ते माझ्याआधी समजलं. "म्हंजे आधी खोट दिसणार, मग कात्री," ते डॉक्टरांना म्हणाले.

स्कॅनमध्ये यकृतही ठिकठिकाणी उजळलं. डॉक्टरांनी मला एकटीला बोलावून सांगितलं, आता कापून उपयोग नाही.

बाहेर बाबांनी विचारलं, "किती खुणा हायेत गं, दिना?"

"एकच," मी म्हणाले.

खोट लपवून तागा पुढे पाठवायचा नाही, हे त्यांनी मला अक्षरओळखीच्याही आधी शिकवलं होतं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग तागा पुढे सोडताना म्हणायचे तसं म्हणाले, "बरं. पास."

हे पत्र मी पाठवणार नाही. काल तुझा फोन आला तेव्हा मी दारातच होते. बाबा तुला हसत सांगत होते, "एकच हाय रे. काढतील."

तुझी,
धम्मदिना